मॅडम, तुम्ही ‘नाही’ म्हणालात त्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर क्लिनिकमध्ये येऊन तुमच्या हातात द्यायला हवं होतं. उघड लिहितेय, कारण कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये दर सीझनला कुणाचा ना कुणाचा गुडघा जातो, ऑपरेशन कुठे करायचं यावर घरात आठवडाभर खल होतो, आणि फिजिओथेरपी मात्र ‘जवळ असेल तिथे’ लावली जाते. मीही तेच केलं होतं.

बास्केट चुकून उसळलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, घेऊन मी डाव्या पायावर उतरले. कुणाचा धक्काही नव्हता. गुडघा आत वळला, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा आतून स्थिर धरणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. मांडीच्या मागच्या स्नायूचा, हॅमस्ट्रिंगचा, टेंडन घेऊन नवं लिगामेंट बसवलं. ऑपरेशन उत्तम झालं.

त्यानंतरचे तीन महिने मी जिथे जात होते, तिथे एका खोलीत आम्ही आठ-दहा जण रांगेने झोपलेलो असायचो. शेक, मशीन, वीस वेळा पाय वर, उद्या या. माणसं वागायला चांगली होती. पण माझ्या पायाला कुणी मोजायची टेप लावली नाही, मी चालते कशी हे कुणी पाहिलं नाही, खेळते काय हे कुणी विचारलं नाही. लंगडणं तसंच होतं. ‘हळूहळू जाईल’ म्हणायचे, आणि मी ते खरं धरून चालले होते.

तुमच्याकडे आले त्या दिवशी तुम्ही अर्धा तास माझ्या गुडघ्याला हातही लावला नाहीत. कशी पडलीस, कुठल्या पोझिशनला खेळतेस, जिना उतरताना काय होतं, रात्री झोप लागते का, एवढंच विचारत होतात. मग भिंतीपर्यंत चार वेळा चालायला लावलंत. नंतर पालथं झोपवून दोन्ही पाय गुडघ्यापासून पुढे बेडच्या बाहेर सोडायला सांगितलेत आणि पट्टी घेऊन दोन टाचांमधला फरक मोजलात. डावी टाच सात सेंटीमीटर वर होती.

‘एक सेंटीमीटर म्हणजे साधारण एक अंश,’ तुम्ही म्हणालात. ‘गुडघा वाकतो किती हे सगळे बघतात. तुझा सात अंश सरळच होत नाहीये. लंगडणार नाही तर काय?’

तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या लंगडण्याला कुणीतरी कारण दिलं होतं. मी तिथेच रडले, तुम्हाला आठवत असेल. दुखत होतं म्हणून नाही.

मग टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, दहा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. आणि मांडीचा तो स्नायू. वाटीच्या जरा वर, आतल्या बाजूला तुम्ही माझीच दोन बोटं ठेवलीत आणि म्हणालात, ‘आवळ.’ उजवीकडे बोटांखाली दगड. डावीकडे काहीच नाही. मी जीव तोडून आवळत होते आणि बोटांखाली नुसती मऊ कातडी. मला वाटलं मी आळशी आहे, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही सांगितलंत की गुडघ्यात सूज असली की मांडीच्या स्नायूला वरून येणारा हुकूमच पूर्ण पोचत नाही, यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. त्या एका वाक्याने माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं!

मशीन तुम्हीही लावलंत. फरक एवढाच की तुमच्याकडे ते लावून झोपायचं नव्हतं. करंट आला की त्याच्याबरोबर आपणही आवळायचं, करंट गेला की सोडायचं. अकराव्या दिवशी घरी, एकटी असताना, करंटशिवाय तो स्नायू बोटांखाली थरथरला. वहीत मी त्या तारखेभोवती तीन वेळा गोल केलाय. ती वहीही तुमचीच देणगी. रोजची सूज, दहापैकी दुखणं किती, झोप किती तास, कुठला व्यायाम जड गेला, सगळं त्यात. तुम्ही ती खरंच वाचायचात. सूज वाढलेली दिसली की त्या दिवशीचे स्क्वॉट्स कमी करायचात, मी कितीही ‘बरी आहे’ म्हटलं तरी.

आता सहाव्या महिन्याचं. त्यासाठीच तर हे पत्र.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली होती. दुखत नव्हतं, मी पळत होते, कोच रोज विचारत होते. तुम्ही जमिनीवर टेप पसरलीत आणि एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायला सांगितलंत. उजवा 140 सेंटीमीटर. डावा 98.

‘सत्तर टक्के. निदान नव्वद हवेत, आणि नऊ महिन्यांच्या आत तर नाहीच.’ मग डेलावेअर आणि ऑस्लोच्या संशोधकांचा 2016 मधला अभ्यास तुम्ही मला समजावून सांगितलात: नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जेवढं लांबवलं, तेवढं दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण सुमारे 51 टक्क्यांनी घटत गेलं. शिवाय दुखणं थांबलं म्हणजे नवं लिगामेंट पक्कं झालं असं नसतं. उलट ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, बरं वाटायला लागतं तेव्हाच ते बऱ्यापैकी कमजोर असतं, हेही मला तेव्हा कळलं.

पटलं होतं, तरी मी तुमच्यावर चिडले. दोन सेशन्स मुद्दाम चुकवली. तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. ‘सूज आहे का गं?’ एवढंच विचारलंत. नंतर कळलं की तुम्ही कोचशीही अर्धा तास बोलला होतात. त्यानंतर त्यांनी मला एकदाही ‘कधी येतेस’ म्हणून विचारलं नाही.

नंतरचे चार महिने उतरायला शिकण्यात गेले. उडी मारायची मला भीती नव्हती, उतरायची होती. आधी वीतभर उंचीच्या ठोकळ्यावरून, मग त्याहून उंचावरून. तुम्ही फोनवर व्हिडिओ काढून हळू करून दाखवायचात: बघ, गुडघा आत पडतोय. मी ‘गुडघा बाहेर, गुडघा बाहेर’ म्हणत उतरायचे आणि आणखी ताठ व्हायचे. मग एक दिवस तुम्ही ते सगळं सोडून दिलंत आणि म्हणालात, ‘फक्त आवाज करू नकोस.’ धप्प, धप्प, धप्प, आणि मग एकदा काहीच ऐकू आलं नाही. व्हिडिओत गुडघा सरळ पावलावर होता.

दहाव्या महिन्यात डावा 131, उजवा 142. तुम्ही कॅल्क्युलेटर काढलात, मी आधीच मनात करून ठेवलं होतं. तरीही तुम्ही लगेच सोडलं नाहीत. आधी सराव, मग विरोधी खेळाडूंसह सराव, मग मॅचमध्ये दहा मिनिटं.

ती दहा मिनिटं गेल्या शनिवारी झाली. दोन पॉइंट्स, चार रिबाउंड्स. तिसरा रिबाउंड मी डाव्या पायावर उतरून घेतला, तोही गर्दीत, आणि उतरल्यावर मी गुडघ्याकडे पाहिलं नाही. पास दिला आणि पळाले. हे माझ्या लक्षात आलं ते बेंचवर बसल्यावर.

आमच्या टीममधल्या एका ज्युनिअर मुलीचा घोटा दुसऱ्यांदा मुरगळलाय. तिला तुमच्याकडे पाठवतेय. वही घेऊन येईल.

मीही पुढच्या महिन्यात मोजणीला येते. सूज नाहीये.

तुमची,
डावा गुडघा, संध्याकाळची बॅच