अमोनिया जाळायचा ठरला, पण तो हाताळणार कोण?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला हरित जहाजांवरचा पानभर लेख मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात आपल्याकडूनच काही सुटलं की काय असं वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा वाचला. काहीही सुटलं नव्हतं. मिथेनॉल आहे, अमोनिया आहे, हायड्रोजन आहे, बॅटरी आहे, डेकवर उभी केलेली पोलादी शिडंही आहेत. ते सगळं चालवणारा माणूस मात्र एका ओळीतही नाही. वायपर म्हणून, म्हणजे पुसपास करणारा सगळ्यात खालचा कामगार म्हणून चढून फिटर म्हणून उतरेपर्यंत इंजिनरूममध्ये माझी एकतीस वर्षं गेली. मला याचा राग आला आणि तो आज सकाळपर्यंत गेला नाही, म्हणून लिहितो आहे.

लेखात जहाजाचं इंधन म्हणून अमोनियाचं फार कौतुक आहे. त्यात कार्बन नाही, त्यामुळे जाळला तरी धुरात कार्बन नाही, हे खरंच आहे. पण अमोनिया काय चीज आहे हे आमच्या किनाऱ्यावर कोणाला शिकवावं लागत नाही. मासळीला बर्फ लागतो आणि बर्फाच्या कारखान्याला थंडावा आणायला अमोनिया. जहाजावर जाण्याआधी, १९८४ साली, मी अशाच एका कारखान्यात हेल्पर होतो. वास तर तिथे कायमचाच. गळती शोधायला आमचा मिस्त्री गंधकाची वात पेटवून पाइपांवरून फिरवायचा. जिथे पांढरा धूर उठेल तिथे गळती. त्या वातीवर आमचा जीव होता.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, होड्या बाहेर पडत होत्या आणि बर्फाला रात्रंदिवस मागणी होती. कॉम्प्रेसरची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचं वायू अडवणारं बूच, गळते आहे हे मिस्त्रीने दोन दिवस आधी सांगितलं होतं. मशीन बंद ठेवायला मालक तयार नव्हता. तिसऱ्या रात्री ग्लँडने दगा दिला. डोळ्यांत कोणी मिरचीची पूड कोंबावी तसं झालं, श्वास घशातच अडकला. आम्ही तिघे वाऱ्याच्या उलट दिशेला पळालो. मिस्त्री तोंडाला ओला पंचा गुंडाळून आत वळला, कारण व्हॉल्व बंद केल्याशिवाय शेजारची वाडी वाचणार नव्हती. भिंतीवर एकच मास्क टांगलेला होता आणि त्याचा हवा गाळणारा डबा कधीच निकामी झालेला होता. व्हॉल्व बंद करून तो बाहेर आला तेव्हा आम्ही त्याला विहिरीवर बसवून उजाडेपर्यंत डोळ्यांवर पाणी ओतत राहिलो. डावा डोळा गेला तो गेलाच. आवाज बसला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. पुढे तो घरी बसून जाळी शिवायचा, पण कारखान्याच्या रस्त्यानेही कधी गेला नाही.

आणि तो तर जमिनीवरचा कारखाना होता. दार होतं, अंगण होतं, पळायला रस्ता होता, पलीकडे विहीर होती. जहाजाची इंजिनरूम पाण्याच्या रेषेखाली असते, वर यायला चार-पाच जिने, आणि वर आलं तरी चहूबाजूंना समुद्र. अमोनिया द्रवरूपात साठवायचा तर उणे ३३ अंशांपर्यंत थंड ठेवावा लागतो, नाहीतर दाबाखाली. डिझेलच्या मानाने तेवढ्याच जागेत त्याची शक्ती साधारण एक तृतीयांश, म्हणून टाक्या तिप्पट मोठ्या. आमच्या कारखान्यात होता त्याच्या कैकपट अमोनिया वीस-बावीस माणसांच्या झोपायच्या खोल्यांजवळ असणार आहे.

इंजिन बनवणाऱ्या कंपन्या दुहेरी भिंतीचे पाइप, गॅस ओळखणारी यंत्रं, पाण्याचे फवारे हे सगळं करत आहेत, हे मी वाचतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये अमोनियाच्या जहाजांसाठी हंगामी मार्गदर्शक सूचनाही मंजूर केल्या. पण दुहेरी पाइपसुद्धा कधीतरी उघडावा लागतो, आणि तो उघडायला कंपनीचा संशोधक येत नाही. आमच्या कोकणातलाच एखादा पोरगा रात्री दोनला स्पॅनर घेऊन खाली उतरतो.

शिवाय 'स्वच्छ' या शब्दाबद्दलही लेखकाने जरा थांबून लिहायला हवं होतं. आज जगात बहुतेक अमोनिया नैसर्गिक वायू किंवा कोळशापासूनच तयार होतो. आपल्या अलिबागजवळच्या थळच्या खतकारखान्यातलासुद्धा नैसर्गिक वायूपासूनच. तोच जहाजात भरला तर धूर समुद्रावरून उचलून कारखान्याच्या चिमणीत नेल्यासारखं झालं. आणि इंजिनात तो नीट जळला नाही तर नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो, जो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट हवा तापवतो.

मी बदलाच्या विरोधात नाही. आज जहाजं ज्यावर चालतात त्या जड तेलाचा गाळ मी प्युरिफायर रूममध्ये, म्हणजे तेल गाळायच्या खोलीत, हातांनी उपसला आहे. त्याचा वास महिना-महिना अंगाला राहतो. जगातल्या तापमानवाढीच्या वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजांतून जातात, ते कमी व्हायलाच हवेत. पण बदल खाली कसा उतरतो हे मी पाहिलं आहे. २०१५ पासून युरोपच्या उत्तर समुद्रात ०.१ टक्क्यापेक्षा जास्त गंधकाचं तेल जाळायला बंदी आली. नियम योग्यच होता. त्या हद्दीत शिरताना आम्ही सव्वाशे अंशांवर तापवलेल्या जड तेलावरून थंड डिझेलवर यायचो. इंधन पंप अडकायचे, जोड गळायचे, आणि दर खेपेला इंजिनरूममधली माणसं दोन-दोन रात्री जागायची. त्या हद्दीसाठी आम्हाला एक जादा माणूस मिळाला नाही.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर माझ्या भाच्याचं उदाहरण सांगतो. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जहाजावर जायला वेगळा कोर्स सक्तीचा आहे, तो त्याने केला. फी भरायला माझ्या बहिणीने पाटल्या गहाण टाकल्या. संस्थेत दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवली, आणि आग विझवायच्या सरावाला सगळ्या वर्गात मिळून दोन सिलिंडर. भाच्याच्या हातात एकही आला नाही. प्रमाणपत्र मात्र आलं. उद्या अमोनियाचा कोर्स याच पद्धतीने होणार असेल तर मला त्या पोरांची भीती वाटते.

जे आज बिनधोक करता येतं ते तरी करा ना! नॉर्वेत लाव्हिक आणि ओप्पेदाल या गावांमध्ये २०१५ मध्ये 'ॲम्पेर' ही गाड्या नेणारी, पूर्णपणे बॅटरीवर चालणारी फेरीबोट सुरू झाली. वीस मिनिटांची खेप. गावातली वीज एका दमात एवढा भार घेईना, म्हणून त्यांनी दोन्ही धक्क्यांवर मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. बोट पलीकडे असते तेव्हा त्या सावकाश भरतात आणि बोट लागली की तिला देतात. विजेची अडचण आमच्या कोकणाला सांगायला नको, पण तिच्यावर उपाय निघाला आहे. कोचीत एप्रिल २०२३ पासून जलमेट्रो बॅटरीवर सुरू आहे आणि तिच्या बोटी कोचीच्याच गोदीत बांधल्या.

आमच्या खाडीतली फेरीबोट मात्र पलीकडच्या धक्क्याला गाड्या चढेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभी असते. धूर थेट रांगेतल्या शाळकरी मुलांच्या तोंडावर. मी तीन अर्ज दिले. पहिल्याची पोच मिळाली, बाकी दोनांची तीही नाही.

बंदरांतही तेच. जहाज धक्क्याला लागलं तरी दिवे, पंप आणि शीतगृहासाठी त्याचे जनरेटर चालू असतात, आणि बंदरालगतच्या वस्त्या तो धूर घेतात. धक्क्यावरून वीज दिली तर ते बंद करता येतात. यात नवा शोध लागायचा नाही, कोणी विषारी वायू पोटाशी घेऊन झोपायचं नाही. आपल्या लेखात याला दीड ओळ आहे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या लंडनच्या बैठकीत ऑक्टोबर २०२५ मध्ये जहाजांच्या कार्बनवर दर लावायचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. मालक थांबून आहेत, म्हणजे वेळ आहे. या मिळालेल्या वेळात माणसांची तयारी करून घ्या, असं कोणीतरी लिहायला हवं. पुढची पुरवणी काढाल तेव्हा आपल्या वार्ताहराला एकदा रत्नागिरीला पाठवा. सुट्टीवर आलेले ऑइलर, फिटर, मोटरमन मी त्याच्यासमोर बसवतो. चहा आमच्याकडे.

आपला,
एक निवृत्त इंजिनरूम फिटर,
जि. रत्नागिरी