पिल्लू पॉइंटवर उभं राहिलं, आता पुढे काय?

मिनेसोटा,
२० ऑगस्ट

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ पाहिला. गॅलरीच्या कठड्यावर पारवा, आणि चार महिन्यांचं पिल्लू एक पाय उचलून, शेपूट ताठ करून पुतळ्यासारखं उभं. दादा म्हणतो, कुत्रं आपोआप तयार झालं. त्याला सांग, हे शिक्षण नव्हे, हे रक्त आहे. झडप घालण्याआधी कुठलंही शिकारी जनावर क्षणभर थबकतं. पॉइंटर, म्हणजे पक्ष्याचा वास येताच थबकून तो कुठे आहे ते दाखवणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या जातींमध्ये माणसांनी पिढ्यान्पिढ्या निवड करून तो क्षण लांबवला. हे थबकून उभं राहणं म्हणजेच ‘पॉइंट’. शिकवायचं असतं ते त्याच्या पुढचं: एकदा थबकल्यावर पक्षी उडेपर्यंत तिथंच उभं राहायचं. आणि ते खरं म्हणजे आपण शिकवत नाही, पक्षी शिकवतो. आपलं काम म्हणजे योग्य वेळी योग्य जागी पक्षी असेल एवढं पाहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. दुसरं जास्त अवघड.

म्हणून आधी तो गॅलरीतला खेळ बंद कर. पारवा त्याला डोळ्यांनी दिसतो, आणि शेतात पक्षी दिसत नसतो, त्याचा फक्त वास येतो. काठीला दोरी, दोरीला पंख बांधून पिल्लाला नाचवायची पद्धत इथेही आहे. फोटो झकास येतात. एकदा-दोनदा ठीक, पण रोज केलं की पिल्लू नाकाऐवजी डोळ्यांवर विसंबायला लागतं आणि दबकत पुढे सरकायची सवय लागते.

आता तू विचारलंस ते, की इथे पक्ष्यांवर कुत्र्याला कसं शिकवतात. इथे घरी परतणारी कबुतरं आणि रिमोटवर उघडणारे पिंजरे वापरतात. गुडघाभर गवतात पिंजरा लपवायचा, आत एक कबूतर. कुत्र्याच्या गळपट्ट्याला नऊ मीटरचा दोर. पिंजऱ्याच्या दिशेने सरळ न्यायचं नाही. वारा आडवा राहील असं चालायचं, म्हणजे पिंजऱ्यापासून खालच्या अंगाला पसरलेल्या वासाच्या पट्ट्यात कुत्रं बाजूने शिरतं. तिथे डोकं झटक्यात वळतं आणि ते गोठतं. पिंजऱ्यापासून हे अंतर दहा-पंधरा मीटर तरी हवं. फार जवळ पिंजरा खाडकन उघडला तर पिल्लू दचकतं, आणि मग पक्ष्याचा वास आला तरी न आल्यासारखं करून बाजूने निघून जातं. हा दोष निस्तरायला महिने जातात.

पॉइंटवर उभं राहिलं की शब्दही काढायचा नाही. एक पाऊल जरी पुढे टाकलं तर बटण दाबायचं, कबूतर भुर्र. चार-सहा पक्ष्यांनंतर कुत्र्याच्या डोक्यात बसतं की पुढे गेलं की पक्षी जातो, उभं राहिलं की थांबतो. ओरडून, दोर हिसडून हेच शिकवलं तर त्याला वाटतं की पक्ष्याजवळ गेलं की मालक चिडतो. दोर फक्त पाठलाग थांबवण्यापुरता. एका वेळी दोन-तीन पक्षी पुरे. कंटाळा येण्याआधी थांबायचं. आणखी एक खोच: पिंजरा ठेवायला आपण ज्या वाटेने गेलो तिथे आपला वास राहतो. हुशार कुत्रं तोच माग काढून पिंजऱ्यावर पॉइंट धरतं, पक्ष्यावर नाही. म्हणून मध्येच रिकामे पिंजरेही ठेवतात आणि जाण्या-येण्याच्या वाटा बदलतात.

रानातले पक्षीही वेगवेगळं शिकवतात. रफ्ड ग्राउस कुत्र्याची जवळीक खपवून घेत नाही, उडूनच जातो. त्यामुळे अंतर राखायला तो उत्तम गुरू. वुडकॉक घट्ट बसून राहतो, म्हणून नवख्या कुत्र्याला आत्मविश्वास देतो. फेजंट मात्र पायांनी पळतो. पॉइंट धरला, तोवर हा तीस मीटर पुढे. पहिल्याच हंगामात फेजंटवर नेलेलं पिल्लू दबकत मागे धावायला शिकतं, आणि लोक म्हणतात कुत्रं बिघडलं. १६ एप्रिल ते १४ जुलै या विणीच्या काळात इथल्या सरकारी रानात शिकारी कुत्र्यांना शिकवायला, खास परवाना नसेल तर, बंदी असते.

पुण्यात यातलं पक्ष्यांचं प्रकरण नाहीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पकडणं, हाकणं, तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. वेताळ टेकडीवर तित्तर आणि मोर आहेत, तेव्हा तिथे दोर हातातच राहू दे, ‘जरा बघू तरी’ नको. वासाचा खेळ मात्र घरी कर. गावठी कोंबड्याच्या पिसांची जुडी बांध, सोसायटीच्या बागेत झुडपामागे ठेव, आणि वाऱ्याच्या समोरून पिल्लाला आण. वारा कुठला हे चिमूटभर टाल्कम पावडर उडवून बघ. जुडी सापडली की कौतुक कर आणि उचलून घे. चावायला देऊ नकोस, पिसं पोटात जातात.

तुझं मुख्य काम ‘थांब’. शब्द एकच हवा. आजी ‘राहा’ म्हणणार, दादा ‘स्टॉप’ आणि तू ‘थांब’, तर पिल्लू बिचारं कोणाचं ऐकणार? साधारण ६० बाय ९० सेंटीमीटरची, जमिनीपासून चार-पाच बोटं उंच फळी घे. त्यावर चारही पाय आले की हलकेच ‘थांब’ म्हण आणि दोर सैल सोड. खाली उतरलं तर न रागावता उचलून पुन्हा त्याच जागी ठेव. आधी पाच सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं. मग तू चारी बाजूंनी फिरायचं, मग चेंडू टाकायचा. सोडवताना लांबून ‘ये’ म्हणू नकोस. परत जवळ जा, पाठीवर हात ठेव, मगच सोड. बोलावून सोडलेलं कुत्रं उभं असतानाही निघायच्या तयारीत असतं, आणि पुढे मैदानात सरकायला लागतं ते इथूनच. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोनदा, बस्स. फळीवर पक्कं झाल्याशिवाय फळीविना करू नकोस. साधारण सहा महिन्यांपर्यंत हेच पुरतं.

आणि ‘बस’ शिकवायची घाई नको. पुण्यातला कुठलाही प्रशिक्षक पहिल्याच दिवशी ‘बस’ घेईल; रस्त्यावर उपयोग आहे, हे मान्य. पण दबाव आला की पॉइंटर बसूनच घेतो, आणि पॉइंटवर बसलेलं कुत्रं म्हणजे अर्धवट काम. दात पडत असताना, म्हणजे चौथ्या ते सहाव्या महिन्यात, फडकं ओढाओढीचा खेळही नको. तोंड दुखतं आणि ते दुखणं वस्तू आणून देण्याशी जोडलं जातं. विजेचा गळपट्टा इंटरनेटवर फार मिरवतात. ज्या कुत्र्याला शब्द आधीच समजला आहे त्याला आठवण करून देण्याचं ते साधन आहे, शिकवण्याचं नाही. तुला सध्या गरज नाही.

आता आवाज. इथे बंदुकीची ओळख अशी करून देतात: कुत्रं उडत्या पक्ष्यामागे धुंद होऊन धावतंय, तेव्हा सत्तर-ऐंशी पावलांवरून बिनगोळीचा एकच छोटा बार. बावरलं नाही तर पुढच्या दिवसांत अंतर थोडं थोडं कमी करायचं. दचकून मागे पाहिलं तर लगेच थांबायचं. नवीन पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर ‘सवय होऊ दे’ म्हणून नेणं हा आवाजाला भिणारं कुत्रं बनवायचा हमखास मार्ग. तुझ्याकडे बंदूक नसली तरी ढोल आहेत. सध्या नदीपात्रात पथकांचा सराव चालू असेल. त्या वेळेला तिकडून फिरायला नेऊ नकोस. गणपतीत जेवणाची वेळ आणि लांबून येणारा ताशा यांची गाठ घाल: आवाज ऐकू आला की वाटीत चिकनचा तुकडा. दिवाळीत मात्र लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडक्या बंद, पंखा जोरात, पिल्लू आतल्या खोलीत. एका सुतळीबॉम्बने वर्षभराचं काम जातं.

शरीराचं थोडक्यात. वर्षाचं होईपर्यंत सायकलमागे पळवू नकोस, सांधे तयार व्हायचे असतात. उन्हात डांबरावर तळहात सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही टेकणार नाहीत, पहाटेच जा. पावसाळा संपला की टेकडीवरची कुसळं वाळतात. ती बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरून आत सरकत जातात, म्हणून घरी आल्यावर चारही पंजे उघडून बघ. गोचीड बघायची ती कानामागे आणि बगलेत. ताप आणि खाणं बंद असं दोन्ही एकदम झालं तर वाट न बघता डॉक्टरांकडे, गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्यायला.

दोर बोहरी आळीत मिळेल: दहा-बारा मिलिमीटर जाडीचा, जरा ताठ, नऊ मीटर. मोकळ्या टोकाला गाठ मारू नकोस, झुडपात अडकते. हातमोजे घाल, नायलॉन हातातून सरकला की कातडं सोलतं. शिट्टी मी इथून पाठवते आहे, आईच्या पार्सलमध्ये. एक लांब फुंकर म्हणजे ‘थांब’, दोन आखूड म्हणजे ‘ये’. शब्द पक्का झाल्यावरच वाजव. पार्सल फोडताना ती आजीच्या हाती देऊ नकोस, कुकरच्या शिट्टीशी तिची जुगलबंदी सुरू होईल.

पुढच्या व्हिडिओत पारवा नको, फळी दिसू दे.

तुझी,
आत्या