मुक्ता, शाळेला होकार देण्याआधी

प्रिय मुक्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, प्रयोगशील शाळेत शिकवून पोट भरतं का आणि मन भरतं का. पोटाचं आधी सांगते, ते चटकन संपतं. शाळा विनाअनुदानित असेल तर पगार बेताचाच मिळतो. बाबांची नोकरी होती म्हणून आपलं घर चाललं. तू एकटी राहणार, तेव्हा भाडं आणि किराण्याचा हिशेब मांडूनच हो म्हण.

मनाचं सांगायला एक प्रसंग पुरे. तिसरीचा वर्ग होता. एका मुलाने 52 मधून 27 वजा केले आणि उत्तर लिहिलं 35. मी विचारलं, "कसं केलंस रे?" तो म्हणाला, "मोठ्यातून लहान वजा करायचं ना ताई? सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन." त्याला एक नियम माहीत होता आणि तो त्याने इमानेइतबारे पाळला होता. मी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि त्यातल्या सत्तावीस मागितल्या. दोन गठ्ठे त्याने लगेच दिले. सात सुट्या द्यायची वेळ आली तसा हात थांबला. बराच वेळ तो काड्यांकडे बघत बसला, मीही तोंडातून शब्द काढला नाही. मग त्याने एका गठ्ठ्याचं रबर काढलं, सात काड्या मोजून माझ्या हातात ठेवल्या, उरलेल्या मोजल्या आणि ओरडला, "पंचवीस!" वहीतलं 35 त्यानेच खोडलं.

तास संपला म्हणून घंटा झाली असती, किंवा या आठवड्यात वजाबाकी संपवायचीच असं वरून बजावलेलं असतं, तर तो वेळ त्याला मिळाला नसता आणि मलाही नाही. मूल विचार करत असताना समोर बसून ते पाहायला मिळतं, मुक्ता. इतकी वर्षं मी याच्यासाठी शाळेत गेले, आणि अजूनही तेवढ्यासाठी सकाळी लवकर निघावंसं वाटतं.

हे काम आपल्याकडे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे 1975 साली लहान मुलांसाठी सरकारची योजना आली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. त्याच तालुक्यातल्या कोसबाडची आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून तिथे कुरणावरच शाळा भरवली. मूल जिथे आहे तिथे जायचं, ही माझ्या लेखी पर्यायी शिक्षणाची पहिली अट आहे. आज पर्यायी, प्रयोगशील असं नाव लावणाऱ्या काही शाळांची फी ऐकून मला वाईट वाटतं. तिथे चांगले शिक्षक असतात, मुलांवर मायाही करतात, पण रिक्षावाल्याचं मूल आणि डॉक्टरांचं मूल एका सतरंजीवर बसत नसेल तर दोघांचंही शिकणं अपुरं राहतं. तू जाशील तिथे हे जरूर बघ.

पालक दरवर्षी विचारतील, "दहावीला काय होणार?" चिडू नकोस, त्यांची काळजी खरी असते. मुलाची वही आणि तुझ्या नोंदी त्यांच्यापुढे ठेव. त्यासाठी रोज संध्याकाळी लिहीत जा. "हुशार आहे", "लक्ष देत नाही" असलं काही लिहू नकोस. मूल काय म्हणालं, काय केलं, तेवढं जसंच्या तसं उतरव. महिन्याभराने वाचशील तेव्हा त्यातून पुढे काय करायचं ते तुला दिसायला लागेल.

मुलाखतीत तूही दोन गोष्टी विचार. शिक्षकांची बैठक दर आठवड्याला होते का, आणि तिच्यात मुलांविषयी बोलणं होतं की गॅदरिंगच्या तयारीविषयीच? दुसऱ्या ताईच्या वर्गात मागे बसायची मुभा आहे का? जमलं तर एक अख्खा दिवस शाळेत मागून घे, डबा मुलांसोबत खा. काय पाहिलंस ते मला सविस्तर लिही, मग पगाराचं आपण तिघं बसून ठरवू.

तुझी,
आई