फवारणाऱ्याला सातबारा विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फवारणीत घ्यायची काळजी आणि एकात्मिक कीड व्यवस्थापन, म्हणजे सापळे, निंबोळी असे उपाय आधी करून गरज पडली तरच विष फवारणं, यावर गेल्या आठवड्यात आमच्या गावात बैठक झाली. माझे पती कामाचा खाडा करून गेले. नावं लिहून घेणाऱ्याने दारातच विचारलं, "सातबारा तुमच्या नावावर आहे का?" नाही. आम्ही 3 एकर मक्त्याने करतो, बाकी दिवस हे दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पंपामागे मजुरी घेऊन फवारतात. ते तसेच मागे फिरले. यादीत ज्यांची नावं होती, त्यातल्या कित्येकांच्या पाठीला आजवर पंप लागलेला नाही.

2017च्या सप्टेंबरात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. नळी वर धरून फवारलं की तुषार तोंडावरच यायचे. एका संध्याकाळी हे भिंत चाचपडत घरी आले. डोळ्यांपुढे अंधारी, तोंडातून लाळ, घामाच्या धारा. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कोणतं औषध होतं?" कुणालाच सांगता येईना. दोन बाटल्या एकत्र केल्या होत्या, एवढंच ठाऊक. धाकटा दीर रात्री गाडीने 18 किलोमीटर परत गेला आणि बॅटरीच्या उजेडात धुऱ्यावरून रिकाम्या बाटल्या शोधून आणल्या. हे पाच दिवसांनी घरी आले. त्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 20हून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेने गेली.

आम्ही सगळेच त्या फवारायच्या विषाला औषध म्हणतो, म्हणून पोरंही बाटलीला हात लावायला भीत नाहीत. बाटलीवर शंकरपाळ्यासारखा चौकोन असतो. त्याचा खालचा भाग लाल असेल तर विष सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. विषावरचा उताराही सोबतच्या माहितीपत्रकात असतो. मी दहावीपर्यंत शिकले आहे, तरी ती बारीक अक्षरं मला उन्हात धरून वाचावी लागतात. ज्याला वाचताच येत नाही त्याने काय करायचं?

दुसऱ्या वर्षी बहिणीच्या गावी बायकांची शेतीशाळा होती, तिथे मी जाऊन बसले. आता एकरी 2 कामगंध सापळे लावते, त्यातल्या मादीसारख्या वासाने नर पतंग येऊन अडकतात. सकाळी निंदायला लागण्याआधी बोंडअळीचे पतंग मोजते आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच बोंडअळीसाठी फवारायचं, असं तिथे शिकवलं. निंदताना डोमकळ्या दिसल्या की खुडते. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं ते फूल उघडलं की आत अळी सापडते, तिथेच चिरडायची. 5 किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवायची, गाळायची आणि पाणी घालून 100 लिटर करून फवारायचं, हेही तिथलंच. आमच्या 3 एकरांत पूर्वी 7 फवारे व्हायचे, आता 3 होतात. हे मजुरीने जातात त्या शेतांत मात्र शेजाऱ्याने मारलं की आपणही मारायचं, असंच चालू आहे.

मास्क, हातमोजे, कोट असं किट एकदा यांना मिळालं. भादव्याच्या उकाड्यात तो कोट अर्धा तासही अंगावर ठेववत नाही, म्हणून खुंटीला आहे. सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत थांबायचं, वारा पाठीवर घेऊन चालायचं, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, हे कुणीतरी पंप पाठीला लावून दाखवायला हवं. दाखवताना बायकाही हव्यात. ते कपडे आम्हीच धुतो, मी कित्येक वर्षं लेकराच्या झबल्यांसोबत एकाच टोपल्यात धुतले.

पहिला फवारा आता पंधरा दिवसांवर आला आहे. बैठक घेणाऱ्यांना एवढंच सांगणं, त्याआधी एक बैठक संध्याकाळी 7 वाजता आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात घ्या आणि सातबारा विचारू नका. माणसं मी गोळा करते.

आपली,
एक शेतकरी महिला
ता. घाटंजी, जि. यवतमाळ