बाबा, डीव्हीडी खराब नाहीये

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

लॅपटॉपवर विंडोज 7 टाकताना अडकलेल्या स्क्रीनचा फोटो मिळाला. फोनवर सांगायला गेलो तर परत "कुठलं बटण, कुठलं बटण" होणार म्हणून लिहूनच काढतो, प्रिंट काढून लॅपटॉपशेजारी ठेवा. तसंही आज रविवार, जर्मनीत दुकानं बंद, मला वेळच वेळ आहे.

तर डीव्हीडी खराब नाहीये. दुकानदाराने दुसरी गळ्यात मारली तरी तोच मेसेज येतोय ना? सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर (म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम) मिळत नाही असं त्यात लिहिलंय, आणि गंमत बघा, तो मेसेज त्याच डीव्हीडीवरून वाचून स्क्रीनवर आलाय. होतं काय, सुरुवातीला डीव्हीडी वाचायचं काम बायोस (लॅपटॉप चालू होताना आधी जागं होणारं त्याचं आतलं सॉफ्टवेअर) करतं, पण विंडोजचं सेटअप एकदा सुरू झालं की ते बायोसला बाजूला सारून स्वतःचे ड्रायव्हर वापरायला लागतं. विंडोज 7 आलं 2009 ला, त्यात यूएसबी 3 चा ड्रायव्हरच नाही. आपला आतला ड्राइव्ह केव्हाच गेला म्हणून तुम्ही बाहेरचा लावलाय, आणि फोटोत त्याची वायर निळ्या पोर्टमध्ये दिसतेय. निळा म्हणजे यूएसबी 3. म्हणजे रिक्षाने स्टेशनला सोडलं पण पुढची गाडीच नाही.

वायर काढून दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टला लावा आणि पहिल्यापासून सुरू करा. ब्राउझ दाबून ड्रायव्हर शोधत बसू नका, काही सापडणार नाही. तरीही तोच मेसेज आला तर बायोसमध्ये जा (चालू करताना एफ2, नाहीतर एफ10), तिथे यूएसबीच्या सेटिंगमध्ये एक्सएचसीआय (xHCI, म्हणजे यूएसबी 3 चंच) असं काही असेल तर ते डिसेबल करून सेव्ह करा. बाकी कशाला हात लावू नका, बूटचं सगळं बरोबर आहे, नाहीतर सेटअप इथपर्यंत आलंच नसतं.

पुढे पार्टिशनची (म्हणजे डिस्कच्या सी, डी अशा भागांची) यादी येईल तिथे मात्र थांबा आणि मला फोन करा. डी ड्राइव्हमध्ये आईचे सगळे फोटो आहेत, ते आधी त्या दादरच्या मावशीने दिलेल्या हार्डडिस्कवर घ्या, मगच पुढचं.

सोसायटीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर 7 वरच चालतं म्हणून मी काही बोलत नाही, पण 14 जानेवारी 2020 नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 चे अपडेट बंद केलेत, तेव्हा त्यावर बँकेचं काम अजिबात नको, खरं तर वायफायच जोडू नका. माझं ऐकाल तर इंटरनेटसाठी एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून ठेवू, इन्स्टॉल न करता तसंच चालवून बघता येतं, आवडलं तर ठेवा.

आईला सांगा पार्सल मिळालं, चकली निम्मी चुरा झालीये पण चहाबरोबर तीच आधी संपतेय.

मेसेज बदलला तर नवीन फोटो पाठवा, फक्त फ्लॅश बंद करा, यावेळी अर्ध्या स्क्रीनवर ट्यूबलाइटच दिसतेय.

तुमचा,
बंड्या