हृदयाचे पंप विकत घेण्याआधी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

मोठ्या हार्ट अटॅकनंतर काही रुग्णांचे हृदय इतके थकते की वरचा रक्तदाब ९० च्या खाली जातो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. हा कार्डिओजेनिक शॉक. त्यातच व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणारे घातक वेगवान ठोके) किंवा व्हीएफ (हृदय आकुंचन न पावता नुसते थरथरणे) पुन्हा पुन्हा उसळू लागले की औषधांची कोंडी होते. दाब धरून ठेवायला डोब्युटामिन, ॲड्रेनलिन वाढवावे, तर तीच औषधे ठोके आणखी बिघडवतात. ठोके आवरायला अमिओडॅरॉन या औषधाचा १५० मिलीग्रॅमचा डोस शिरेतून द्यावा, तर दाब आणखी पडतो.

बंद रक्तवाहिनी उघडणे, पोटॅशियम ४.५ च्या आसपास ठेवणे, मॅग्नेशियम देणे, व्हेंटिलेटरवर गाढ झोपवणे हे आधी झालेच पाहिजे. एवढे करूनही कोंडी फुटत नसेल तर हृदयाच्या मदतीला रक्त ढकलणाऱ्या यांत्रिक पंपाचा विचार. पंप ठोके दुरुस्त करत नाही. तो मेंदू-मूत्रपिंडांना रक्त पुरवत राहतो, त्यामुळे औषधे उतरवता येतात आणि अँजिओप्लास्टीला किंवा ॲब्लेशनला (ठोके बिघडवणारी जागा जाळून बंद करण्याला) वेळ मिळतो.

पण कोणता पंप? स्वस्त आणि सर्वांच्या ओळखीचा बलून पंप (महाधमनीत ठोक्याबरोबर फुगणारा-आक्रसणारा फुगा) इथे कामाचा नाही. तो ईसीजी किंवा दाबाच्या लहरीवर फुगतो. ठोके १८० वर गेले की त्याची वेळ चुकते आणि व्हीएफमध्ये धरायला ठोकाच नसतो. साध्या शॉकमध्येही ६०० रुग्णांच्या जर्मन अभ्यासात (२०१२) त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

इम्पेला हा १४ फ्रेंच (नळीच्या जाडीचे माप; ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर) जाडीचा पंप मांडीच्या धमनीतून डाव्या कप्प्यात बसतो आणि मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलतो. डेन्मार्क, जर्मनी व ब्रिटनमधल्या २०२४ च्या अभ्यासात त्याने १८० दिवसांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले. मात्र रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे आणि डायलिसिस वाढले. शिवाय तो अभ्यास ठोक्यांच्या बिघाडासाठी नव्हता. हृदयाच्या उजव्या बाजूकडून रक्त आले तरच हा पंप भरतो. व्हीएफ लांबले की तो रिकामा ओढू लागतो, सक्शनचा अलार्म वाजतो. दुसरी खोड जास्त फसवी : त्याचे तोंड महाधमनीच्या झडपेखाली साडेतीन सेंटिमीटरवर हवे. रुग्णाची कूस बदलताना तो आत सरकून भिंतीला टेकला, तर तोच व्हीटी सुरू करतो. अशा वेळी अमिओडॅरॉन वाढवून काही होत नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) बघत पंप जरा मागे घ्यावा लागतो. पहाटे तीन वाजता तो इको कोण करणार, हे टेंडरमध्ये कुठेच लिहिलेले नसते.

व्हीएफ थांबतच नसेल तर व्हीए एक्मो (शिरेतून रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून धमनीत परत सोडणारे यंत्र), कारण तो हृदयाच्या दोन्ही बाजूंचे काम करतो. शिरेत २१ ते २५ फ्रेंच, धमनीत १५ ते १९ फ्रेंचची नळी. त्याच पायात खालच्या दिशेने ६ ते ८ फ्रेंचची वेगळी नळी घातली नाही तर पाय गमवावा लागू शकतो. उलट्या प्रवाहाने डावा कप्पा फुगतो, फुप्फुसांत पाणी भरते. रक्तातला ऑक्सिजन उजव्या हातातूनच तपासावा लागतो, नाहीतर मेंदूला ऑक्सिजन कमी असलेले काळे रक्त जात असल्याचे कळतच नाही. आणि शॉकमधल्या प्रत्येकाला सरसकट एक्मो लावून मृत्यू घटत नाहीत, हे २०२३ च्या जर्मन अभ्यासाने दाखवले आहे.

म्हणून प्रत्येक जिल्ह्याला यंत्र देऊ नका. कॅथलॅब, हृदय शस्त्रक्रिया, डायलिसिस आणि चोवीस तास परफ्युजनिस्ट (अशी यंत्रे चालवणारे तंत्रज्ञ) असलेली मोजकीच केंद्रे निवडा. बाकी रुग्णालयांना हवा एक फोन नंबर आणि पहिल्या तासातच विचारण्याची मुभा. लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडल्याची रक्तातली खूण) चढून मूत्रपिंडे बसल्यावर पाठवलेल्या रुग्णाला पंपाचा फारसा उपयोग नसतो. १०८ ची गाडी तुमच्या खात्याची, वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या खात्याचे. तेव्हा आदेश दोघांच्या सहीने निघावा.

खरेदीत यंत्राबरोबर कॅथेटर, ऑक्सिजनेटर, एसीटीच्या (रक्त गोठण्याच्या वेळेच्या तपासणीच्या) कार्ट्रिज धरा. कॅथेटर एकदाच वापरायचे असते आणि इम्पेलाची किंमतच महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या ५ लाखांपलीकडे जाते. वेगळे पॅकेज आणि पंप लावल्यावर मागाहून मंजुरीची सोय, दोन्ही लागतील. लावलेल्या प्रत्येक पंपाची नोंद ठेवा : पाय वाचला का, रक्तस्राव झाला का, रुग्ण घरी गेला का. जिथे यंत्र धूळ खात पडेल तिथून ते उचलून गरजेच्या केंद्रात हलवण्याचा अधिकारही त्याच आदेशात लिहावा.

आपले,
हृदयरोग व अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर आणि परफ्युजनिस्ट