काकू, तुमची ती काळी पिशवी

काकू,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही मला आभार मानूच दिले नाहीत. "पोरगं सुखरूप आहे ना, मग झालं," म्हणालात आणि विषय बदललात. म्हणून लिहायला बसले. मुद्दाम उघड लिहितेय, सगळ्यांना वाचता येईल असं. कारण जंगलात वाट चुकून काढलेल्या त्या रात्री मला आणि भाच्याला तारलं ते कुठलंही खास साहित्य नव्हतं. कचऱ्याची पिशवी, सॅकचा पट्टा, पाण्याची बाटली, वाळलेला पाला, एवढंच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्या दोन्ही सॅक जमिनीवर उपड्या केल्या होत्या. माझ्या भाच्याच्या हातात एकेक वस्तू देत विचारत होतात, "नाव नको सांगू. ही काय काय करू शकते ते सांग." पिशवी पाणी अडवते, वाराही अडवते. नाडी बांधते. रिकामी सॅक पाय झाकते. मला घाई होती, मी घड्याळ बघत होते. शेवटी तुम्ही कपाटातून ती मोठी, जाड, काळी पिशवी काढलीत आणि माझ्या सॅकच्या तळाशी घातलीत. मग घडी केलेल्या टॉवेलवर स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल पसरून आम्हा दोघांना बुटांसकट तिच्यावर पाय ठेवायला लावलात. तळव्यांची नक्षी अगदी स्पष्ट उमटली. आमची वाट कुठून कुठे जाणार ते कागदावर लिहून घेतलंत आणि म्हणालात, "सातपर्यंत फोन आला नाही तर मी वाट बघत बसणार नाही."

दुपारी पाऊस सुरू झाला. पायवाटेवर झाड आडवं पडलं होतं, त्याला वळसा घालून पुढे गेलो आणि वाट पुन्हा सापडलीच नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण 'इथेच कुठेतरी असेल' म्हणत मी पाऊण तास भराभर चालत राहिले, पोराला मागून ओढत. एका वाकड्या बुंध्याजवळ तो थबकला. म्हणाला, "हे झाड आपण मघाशी पाहिलंय." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. नंतर वाचलं, की जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली हेच दाखवून दिलं होतं. आभाळ भरलेलं असताना जंगलात सरळ चालायला सांगितलेली माणसं गोल फिरत राहिली, स्वतःचीच वाट ओलांडली तरी त्यांना पत्ता नव्हता. सूर्य दिसत होता तेव्हा मात्र ती बऱ्यापैकी सरळ गेली. आमच्या डोक्यावर तर नुसते ढग होते.

तेव्हा तुम्ही सांगितलेली गोष्ट आठवली. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरात नऊ वर्षांचा मुलगा हरवला. शोधायला शेकडो माणसं उतरली, पण तो सापडला तेव्हा थंडीने दगावलेला होता. त्यानंतर तिथल्या शोध घेणाऱ्या माणसांनी मुलांसाठी 'हग अ ट्री' नावाचा कार्यक्रम सुरू केला: हरवलास तर एका झाडाला धरून राहा, तिथून हलू नकोस. बुटांचा ठसा फॉइलवर घेणं त्यातलंच. आम्ही त्या वाकड्या बुंध्यापाशीच बसलो.

उजेड होता तोवर सगळं उरकायचं होतं. आधी पोराचा भिजलेला सुती शर्ट काढला आणि त्याला कोरडा लोकरीचा स्वेटर घातला. मग पिशवीच्या बंद टोकाकडे, कोपऱ्याच्या जरा खाली, चेहऱ्याएवढंच भोक पाडलं. तुम्ही बजावलं होतंत तसंच, नाक-तोंड कायम बाहेर. पिशवी डोक्यावरून घातली तर त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आली. पाय रिकाम्या सॅकमध्ये घातले. मी रेनकोट चढवून त्याच्या पाठीला पाठ लावून बसले.

पण खरा फरक पडला तो बुडाखालच्या पाल्याने. वारा आणि पाऊस यांच्याकडे आपलं लक्ष असतं, जमीन मात्र गुपचूप अंगातली ऊब ओढून घेत असते. पडलेल्या झाडाच्या आडोशाला वरचा ओला थर बाजूला सारला आणि खालचा कोरडा पाचोळा ओंजळींनी आणला. गुडघ्याएवढा ढीग केला, तर बसल्यावर तो दबून चार बोटं उरला. पुन्हा आणला, पुन्हा दबला. तिसऱ्या खेपेनंतर पोरगा म्हणाला, "आता गार लागत नाही खालून." थोडा पाला त्याने स्वेटर आणि जाकिटाच्या मध्येही कोंबला.

आग पेटवायच्या भानगडीत पडले नाही. बॅटरीच्या सेलला चॉकलेटचा चंदेरी कागद लावून ठिणगी पाडता येते, हे मलाही माहीत आहे. पण सगळं जंगल निथळत असताना त्यात तास घालवला असता, तर अंधार पडेपर्यंत पाला गोळा झाला नसता. आजही मला तेच बरोबर वाटतं.

फोनला रेंज नव्हती, ११२ लागला नाही. बोलणं होत नसलं तरी कधीकधी मेसेज निघून जातो म्हणून लिहून ठेवला, तोही अडकला. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून स्वेटरच्या आत ठेवला, थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून. टॉर्च पाण्याच्या बाटलीवर टेकवली की बाटलीभर मंद उजेड पसरतो. पोराला त्याचा फार आधार वाटला.

शिट्टी त्यालाच सापडली. छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल चाचपडत होता, त्यात एक बारीक खाच होती. फुंकून पाहिलं तर शिट्टी! वर्षभर ती सॅक वापरत होता, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तीनदा फुंकायचं, थांबायचं, पुन्हा तीनदा. ओरडून घसा तासाभरात बसला असता. शिट्टी रात्रभर पुरली.

आणि तुमची करंगळी, काकू. थंडी अंगात भिनली की माणसाला स्वतःला ते कळत नाही. जीभ जड होते, चेन लावता येत नाही, चिडचिड होते. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका, आणि त्यासाठी बर्फ पडायला लागत नाही, ओले कपडे आणि वारा पुरतो. म्हणून दर अर्ध्या तासाने त्याला अंगठा करंगळीला टेकवायला लावत होते. पहाटे तीनच्या सुमारास त्याचा अंगठा अनामिकेपर्यंत जाऊन थांबला. पुढे जाईना. तो म्हणत होता, "झोपू दे ना." मी त्याला हलवून जागा केला, उरलंसुरलं होतं ते खायला घातलं, पिशवीतल्या पिशवीत गुडघे छातीशी घेऊन सोडायला लावले, पन्नास वेळा, मोठ्याने मोजत. मग त्याचा हात माझ्या काखेत धरून ठेवला. साडेतीनला अंगठा करंगळीला लागला. मी तेव्हा रडले. अंधारात त्याला दिसलं नाही.

शोध घ्यायला आलेली माणसं उजाडताना पोचली. त्यांनी सांगितलं, की सात वाजून पाच मिनिटांनी तुमचा फोन गेला होता. कागद आणि फॉइल दोन्ही तुम्ही स्वतः नेऊन दिलेत. पडलेल्या झाडापाशी चिखलात आमच्या बुटांचे ठसे त्यांना फॉइलशी जुळवता आले, म्हणून ते त्या बाजूला वळले. पुढे शिट्टी ऐकू आली. आम्ही चालत राहिलो असतो, तर ना ठशांचा माग लागला असता, ना शिट्टीचा.

काकू, त्या आदल्या दिवशी मी घड्याळ बघत होते, ते तुम्ही पाहिलं होतंत. तरी हात आवरता घेतला नाहीत. त्याबद्दल मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे.

पिशवी फाटली, तुमची तुम्हाला परत देता येणार नाही. भाच्याने ती धुऊन, घडी करून ठेवली आहे, टाकू देत नाही. त्याच्या वर्गातल्या चार मुलांना घेऊन रविवारी तुमच्याकडे यायचं म्हणतोय. सगळ्यांच्या सॅक तुमच्यासमोर उपड्या करायच्या आहेत त्याला. चालेल का, तेवढं कळवा.

तुमची,
मागच्या गल्लीतली